नत्थूजीची सही

नत्थूजी कामडी सिंदी मेघेत माझ्या शेजारी वीस वर्षं राहिला, आणि त्या वीस वर्षांत मी त्याच्यावर एकदाच मनापासून चिडलो. तेवढंच सांगतो. तो किसनरावांच्या ट्रकवर ड्रायव्हर, मी वर्धेच्या एसटी डेपोत कारकून. वय दोघांचं सारखंच. मला चार अक्षरं इंग्रजी येत होती आणि त्याला गाडी येत होती.

लहानपणी तो बापासोबत समुद्रपूरकडच्या कापसाच्या बंड्या हाकायचा. बैलांची सवय त्यानं ट्रकलाही लावली. सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडणार, ऑईलची पट्टी काढणार, अंगठ्यावर थेंब घेऊन हुंगणार. त्याची बायको रुखमा म्हणायची, "मी तापानं फणफणली तरी हा माणूस पह्यले गाडीचं कपाळ पाह्यते." ट्रकांच्या अड्ड्यावर त्याचं नाव होतं ते एवढ्यासाठीच. नत्थूजीच्या गाडीत ऑईल कमी पडत नाही. दुसरी कमाई त्याच्याजवळ नव्हती.

ब्याऐंशीच्या जानेवारीत, ऐन कापसाच्या दिवसांत, ती गाडी मरायला लागली. रिकामी असली की नीट चालायची. रुईच्या गाठी भरून केळझरच्या चढाला लागली की धापा टाकायची आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा किसनरावांनी ती नागपूरला डीलरच्या वर्कशॉपात टाकली. चार महिन्यांआधी तिचं इंजिन तिथंच बांधलं होतं, सहा महिन्यांच्या गॅरंटीवर.

दोन दिवसांत वर्कशॉपनं कागद दिला. तो घेऊन नत्थूजी माझ्या दारात उभा.

"बाबू, वाचून सांग. मले म्हणते का सही कर."

मी वाचलं. पिस्टन-रिंगा गेल्या आहेत, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. कारण काय, तर ड्रायव्हरनं बिना ऑईलची गाडी चालवली. खाली ड्रायव्हरच्या सहीसाठी रेघ.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हणालो. "अरे, इंजिन त्यांनी बांधलं. त्यांची चूक निघाली तर फुकट करून द्यावं लागते. तुझी निघाली की गॅरंटी गेली खड्ड्यात."

पण गॅरंटीचं त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. "बिना ऑईलची? मी?" त्याचा आवाज चिरकला. "बाबू, मी यावर सही केली तर उद्या मले कोणी बंडीवरही बसवणार नाई."

किसनराव माणूस वाईट नव्हते, पण छापील कागदावर त्यांचा भारी विश्वास. "ते शिकलेले लोक हायेत, नत्थू. त्यांचं काय तुह्याशी वैर हाये? सही कर अन् मोकळा हो, गाडी तरी कामाले लागन." नत्थूजी म्हणाला, "नाई करत, मालक." तीन दिवस दोघांचं हेच चाललं. चौथ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला गेलो. इंग्रजी कागदासाठी मला नेलं होतं. माझी एक रजा गेली ती गेलीच.

वर्कशॉपच्या सुपरवायझरनं मानसुद्धा वर केली नाही. "ड्राइवर हो ना? तो ड्राइवरी करो. इंजन हम देख लेंगे."

नत्थूजी हात जोडूनच बोलला, पण बोलला. "साहेब, रिंगा गेल्या असत्या तर गाडी ऑईल प्याली असती. पट्टी काढून पाहा, रेघेले रेघ हाये. धूरही नाई. अन् म्हातारं झालेलं इंजिन दहा मिनिटं बसून तरणं कसं होते? मी तर रातभर झोपतो, मी काऊन नाई होत?"

आजूबाजूचे फिटर फिदीफिदी हसले. सुपरवायझर चिडला, "बकवास मत करो" वगैरे म्हणू लागला. तेव्हा किसनरावांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "गाडी माही हाये. नत्थू, काय पाह्यजे तुले?"

"एक डबा डिझल अन् हातभर रबरी नळी."

आधी त्यानं गाडी आहे तशीच चालू केली आणि पंपानं चढावर ओढतो तसं डिझेल ओढावं म्हणून उभ्या गाडीवर पूर्ण रेस दिली. पाच-सहा मिनिटांत ती मेली. मग त्यानं टाकीची नळी सोडवली, डिझेलचा डबा केबिनच्या टपावर बांधला आणि त्याची नळी सरळ पंपाला जोडली. पुन्हा तेवढीच रेस. दहा मिनिटं झाली, वीस झाली, गाडी आपली खणखणीत. नत्थूजीनं स्वतःच बंद केली.

"इंजिनाले काई झालं नाई, मालक. तिले डिझल भेटून नाई राह्यलं. टाकी खोला."

टाकी उतरवून उपडी केली. आतून तीन काळे बोळे पडले, लिंबाएवढाले. कापसाचे. गाडीनं जोर लावला की बोळा ओढला जाऊन नळीच्या तोंडावर बसायचा, थांबली की सुटायचा. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा.

किसनराव असे भडकले म्हणता! "तुमचे लोक हात पुसायचा कापूस टाकीत टाकते, अन् नाव माह्या ड्रायव्हरचं घेते?" सुपरवायझरला घाम फुटला. तसला कापूस त्याच्या वर्कशॉपात जागोजागी पडलेलाच होता. मी मनात म्हटलं, जे बात! आता नत्थूजीनं फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

त्यानं एक बोळा उचलला, पिळला आणि बोटांनी उकलला. आत सरकी होती. वर्कशॉपातला हात पुसायचा कापूस म्हणजे गिरणीतलं टाकाऊ सूत, त्यात सरकी कुठून येणार?

"मालक," तो म्हणाला, "हे बोळे माहे हायेत."

मी त्याचा सदरा ओढला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"दिवाळीत टाकीचं झाकण हरवलतं. समुद्रपूरच्या कापूस सेंटरवर लाईनीत होतो, खाली सांडलेला कापूस तोंडाले कोंबला. मंग पाह्यलं त बोळा नाई. वाटलं, रस्त्यात उडाला. दुसरा लावला. तोही गेला, तिसरा लावला. मंग झाकण आणलं अन् विसरलो. उडाले नव्हते ते, अंदर गेलते."

आता आमच्याकडं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कापूस रस्त्यावर लोळत असतो. वाकलं की मूठभर. कानात घाला, जखमेवर दाबा, टाकीला लावा. असे बोळे लावणारे ड्रायव्हर मी आजही दहा दाखवीन. पण म्हणून काय सांगायचं असतं?

सुपरवायझरच्या जिवात जीव आला. जुना कागद फाडून त्यानं दुसरा लिहिला. इंजिन ठीक आहे, टाकीत ड्रायव्हरनं घातलेला कापूस निघाला. नत्थूजीनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग रेघेवर वाकून सावकाश सही केली, आडनावासकट.

परत येताना मी केबिनमध्ये दोघांच्या मधे बसलो होतो. केळझर येईपर्यंत मी दम धरला, मग सुटलोच. "हात दाखवून अवलक्षण! जीभ काय टाळ्याला लावता येत नव्हती? सुटला होतास ना तू?"

"सरकी होती ना, बाबू," तो म्हणाला. बस, एवढंच.

किसनराव खिडकीबाहेर पाहत होते. तसंच बाहेर पाहत ते म्हणाले, "नत्थू, मी अड्ड्यावरच्या त्या चिंधू ड्रायव्हरले सोमवारपासून या गाडीवर यायले सांगतलं होतं. तू सही करत नव्हता, मले वाटलं तूच काई लपवून राह्यला."

"मालूम होतं, मालक."

"तुले कोणं सांगतलं?"

"तोच आलता परवा घरी. क्लच कसा लागते म्हणून इचारून गेला. मी सांगतलं त्याले."

सेलू मागं पडल्यावर किसनराव म्हणाले, "चिंधूले मी नाई म्हणून देतो. सोमवारी तूच येजो."

नत्थूजीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, म्हणून ते त्याला पुसता येत नव्हतं.