नाकाचा नाकेदार

दोन हजार एकोणीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि दात सोडून माझं सगळं शाबूत होतं. त्या उन्हाळ्याआधी आमच्या देवरीकडच्या रानात एक चौकीदार आला. चालता चालता थांबायचा, मान वर करायचा आणि दोनदा हवा ओढायचा, शिंक अडकल्यासारखा. जंगलखात्याच्या शिपायाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. हा नुसता रोजंदारीवरचा. पण त्याचं ते नाक पाहून गावानं त्याला बढती देऊन टाकली.

मला तो पहिल्या दिवसापासून पटला नाही. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही म्हटलं असतं, हा माणूस काय हुंगून राहिला?

मोहफुलांचे दिवस होते. नाल्यापलीकडच्या तीन मोहांची फुलं माझ्या बापापासून आम्ही वेचतो. एका पहाटे तो वाटेत उभा.

"आज नाही, बाबाजी. मागं फिरा."

"काऊन?"

"चिन्नोर शिजून राहिला."

चिन्नोर म्हणजे आमचा वासाचा तांदूळ. एका घरी शिजला की चार घरांना कळतं. मी म्हटलं, "रानात कोन शिजवते? तुही बायको?"

तो हसला. "वाघिणीचा वास तसाच येते. झाडावर मुताचा फवारा मारून जाते. चिठ्ठी असते ते, बाबाजी. आपल्या नावची नाही."

मी दुसरी पास आहे, पण एवढा बुद्दू नाही. वाघीण आणि भाताचा वास! सरळ होतं, त्याला माझी फुलं पाहिजे होती. तीन दिवस "आज नाही, बाबाजी" ऐकून मी घरी आलो. चौथ्या दिवशी मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला, चौकीदार मोहफुलं चोरतो म्हणून. खाली सही ठोकली आणि जंगलखात्याच्या साहेबांकडे पाठवला.

पाचव्या दिवशी नाल्याच्या खालच्या अंगानं गेलो. आणि वास आला! गरम चिन्नोरचा. म्हटलं, सापडला चोर. माझी फुलं वेचतो आणि वर भातही रांधतो. काठी उचलून वासामागं निघालो.

मागून कोणीतरी दंड धरला. तोच होता. त्यानं एका ऐनाच्या झाडाकडे बोट केलं. बुंधा कमरेच्या उंचीवर ओला. चूल नाही, धूर नाही. मग पलीकडून वाघ निघाला, मोठा नर. त्यानं बुंध्याला नाक लावलं, जीभ काढली, ओठ वर चढवले आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून उभा राहिला.

"वाचून राहिला," तो माझ्या कानात म्हणाला. "अर्धं नाकानं, अर्धं टाळूनं. वाचलं का मंग त्याचं मन त्याचं राहत नाही. तिच्या मागंच जाते."

वाघ गेला. आमच्याकडे पाहिलंही नाही. माझं धोतर ओलं झालं होतं, ते दवानं.

संशय तरी सुटेना. "मी इकडून येईन हे तुले कसं समजलं?"

"तुमच्या बिडीचा वास आला. तीन दिवसांपासून घरापर्यंत तुमच्याच मागं आहो, बाबाजी. तुमी ऐकनारे नाही."

अर्ज परत घ्यायला हवा होता. पण सही माझी होती, आणि मी थुंकलेलं चाटत नाही. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी वाटेत कोणीच नव्हतं. टोपली भरून फुलं आणली. पानठेल्यावर कळलं, चोरीच्या नावाखाली त्याला कामावरून काढलं. सायकलला पेटी बांधून कोहमारा गावाकडे गेला. अर्ज कोणाचा, हे त्याला माहीत होतं. गावात त्यानं माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसनं साहेबांकडे गेलो. मास्तरांना नेलं नाही. कागद मागितला आणि माझ्या हातानं लिहिलं: चोरी झाली नाही. मी खोटा अर्ज दिला.

साहेब म्हणाले, "आता काय उपयोग? त्याच्या जागी दुसरा घेतला."

मी सही केली, कागद त्यांच्यासमोर ठेवला, वर त्यांचाच पेपरवेट ठेवला आणि बाहेर आलो.