दोन-सहाची पाटली

माझी नोकरीच संशयाची. शिरोलीच्या एका कारखान्यात तयार झालेले पार्ट मी तपासते. समोर आलेली वस्तू चुकीचीच आहे असं धरून चालायचं आणि वर्नियर लावून माप घ्यायचं. ही सवय सुटीला गेटवर ठेवून येता येत नाही.

भाचीच्या लग्नाच्या बांगड्या भरायच्या होत्या, म्हणून ड्युटीवरून थेट पेठ वडगावला भावाकडे गेले. सोप्यात कासारीण बसली होती, भोवती बायकांचा गलका. हिरव्या बांगड्या भरण्याआधी आईनं हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढायला घेतल्या. हात खाली केला न केला तोच एक पाटली घसरून मांडीवर पडली. मी बघतच राहिले. याच पाटल्या काढायला आईला साबण लागायचा, आणि तोवर तोंडाचा पट्टा चालू असायचा.

माझ्या मनात पाल चुकचुकली. गेल्याच महिन्यात वहिनी या पाटल्या पॉलिशला गुजरीतल्या सोनाराकडे घेऊन गेली होती. एकटीच.

वहिनीबद्दल तसंही माझं मन साफ नव्हतं. अलीकडे तिचे सारखे फोन यायचे, "आई नीट जेवत न्हाईत, एकदा येऊन बघा." मला वाटायचं, आईला माझ्या गळ्यात घालायची ही तयारी चाललीय.

पाटली उचलून आतल्या खोलीत गेले आणि पर्समधलं वर्नियर लावलं. आतून साठ मिलिमीटर. आईचं माप दोन-सहा, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्या कारखान्यात जुने कारागीर अजून इंच-सुतात बोलतात, इंचाला आठ सूत. दोन इंच सहा सूत म्हणजे जवळजवळ सत्तर मिलिमीटर. चांगला दहाचा फरक! पाटली बदललीच होती. लहान झालेली पाटली हातातून गळून कशी पडेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. सुतावरून स्वर्ग गाठून मी बाहेर आले आणि चार बायकांदेखत विचारलं, "वहिनी, पाटल्या ह्याच हायत न्हवं? दोन इंच सहा सुताचं माप बसंना झालंय."

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. आईच कडाडली, "अगं खुळे, बांगडीला कुठलं आलंय सूत? बांगडीचा इंच सोळा आण्याचा. दोन इंच न् सहा आणं!"

मोबाइलवर हिशेब केला. बरोबर साठ आले. पाटली तीच होती.

तोवर कासारणीनं आईचा पंजा हातात घेऊन दाबून पाहिला. दोन-सहाच्या बांगड्या बाजूला ठेवल्या आणि दोन-चारचा जोड उचलला.

"दोन-सहाच भर," आई म्हणाली.

"राहत न्हाईत, आक्का. हात लई वाळलाय."

दोन-चारच्या बांगड्या सहज वर चढल्या. दोन आणे कमी, म्हणजे आमचं एक सूत. बाकी सगळं मोजलं होतं, आईचा हात तेवढा मी हातात घेतला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनी आत गेली. आता रडत बसेल असं वाटलं. ती दूधभाताची वाटी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

"वन्सं, तुम्ही भरवून बघा. माझ्या हातनं दोन घासाच्या वर जाईना झालंय."