चर्चच्या पायरीवरचे जोडे

सकाळपासून आम्ही नवरा-बायको लिस्बन बघत हिंडलो, तळलेले मासे खाल्ले, आणि दुपारी एका मोठ्या चर्चमध्ये शिरताना सवयीनं जोडे पायरीवर काढले. बाहेर आलो तर पायरी मोकळी! परका देश, पायाखाली गारठलेला दगड, आणि कुणाला विचारायचं तर भाषेची बोंब. माझी शाळा सातवीतच सुटलेली.

"अहो, इथं कुणीच काढत नाही जोडे," ही म्हणाली. "आपणच तेवढे शहाणे!"

तेवढ्यात समोर गाडीवर चेस्टनटच्या बिया भाजणारा म्हातारा हात हलवू लागला. पाऊस भुरभुरायला लागला म्हणून त्यानं आमचे जोडे उचलून आपल्या शेगडीजवळ ठेवले होते. पाय घातले तर आत ऊब!

आजवर देवापुढं हात जोडताना माझं निम्मं लक्ष दाराशी, चपलांपाशी असायचं. तिथं आणखी कुणी माझ्यासाठी लक्ष ठेवून असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

हिनं त्या म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला. तो बिचारा इतका गोंधळला, की त्यानं डोक्यावरची टोपीच काढली.