पूनमसिंगनं अडवलेलं तेल

"मी बोलावलं, फादरनं अकरा जणायले तेल लावलं, त्यातला एकही उठला नाही," असं पूनमसिंग एकदा चर्चच्या पायरीवर म्हणाला होता, आणि म्हणताना त्याची छाती फुगली होती.

नवऱ्याचं ते बोलणं आठवलं की मोतीबाई कपाळाला हात लावायची. दारव्ह्याजवळच्या त्यांच्या तांड्यात ख्रिस्ती घरं नऊ, आणि हा त्यांचा न नेमलेला पुढारी. कुणी आजारी पडलं की उशाशी ठाण मांडायचा, फादरला फोन करू द्यायचा नाही. घशात घरघर लागली की मग फटफटी काढून फादरना आणायचा. फादर येऊन प्रार्थना म्हणत आजाऱ्याच्या कपाळाला, तळहातांना पवित्र तेल लावायचे आणि तासाभरात माणूस जायचा. त्यावरून यानं ठरवलं, तेलानंच माणूस मरतो. एसटीत कंडक्टर होता, तरी डोक्यात एवढाच उजेड.

आता पाय सुजून मोतीबाईच खाटेवर होती. तिला तेल हवं होतं, आणि जीभ वळते आहे तोवर हवं होतं. तेलाआधी फादरपुढे पापांची कबुली द्यायची असते. बेशुद्ध माणूस काय कबूल करणार?

फादर दोनदा आले. दोन्ही वेळा यानं दारातूनच सांगितलं, "झोपली हाय." ती आत जागी, तोंडावरची माशी हाकलत ऐकत होती. ती मरेल म्हणून हा घाबरला नव्हता. भाकरी कोण थापणार, एवढीच त्याची काळजी.

तिसऱ्या वेळी बाप अंघोळीला गेल्याचं बघून लेकीनं, सोनूनं, फादरना मागच्या दारानं आत घेतलं. पूनमसिंग टॉवेल गुंडाळून धावत आला.

"फादर, कायले घाई करता? अजून जेवून राह्यली ना ती."

"म्हणूनच आलो. हे आजाऱ्यासाठी असतं, पूनमसिंग. मयताला तेल लावून काय करू?" फादर म्हणाले. "आता बाहेर थांबा. तिला कबुली द्यायची आहे."

सोनू लगेच उठून गेली. हा हलेना.

"तिचं काय पाप असन? मले सारं मालूम हाय. मीच सांगतो."

मोतीबाईला हसू आलं, मग खोकला. अडतीस वर्षांत तिच्या मनातलं एक अक्षर याला वाचता आलं नव्हतं.

"सोनूचे बाबा," ती दम घेत म्हणाली, "तुमच्याबद्दलचं बी सांगाचं हाय. बसता काय ऐकत?"

पूनमसिंगनं फादरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. टॉवेलची गाठ आवळली आणि तो बाहेर गेला.