आंब्यातली करकर

सुदाम गेल्याचं मला शाळेत कळलं. फळ्यावर कुंडीचं चित्र काढत होतो, तर शिपाई दारात येऊन उभा राहिला. "काय रे?" म्हणालो. "तुमचे ते भुंगेवाले सर..." एवढंच बोलला तो. नागपूरच्या दवाखान्यात ताप डोक्यात गेला म्हणे. त्याला आता काही आठवडे होऊन गेले. मी मुळातच भित्रा माणूस. आणि माझ्यासारख्या भित्र्याने दोस्ती करावी ती कोणाशी, तर खिशात जिवंत भुंगे घेऊन फिरणाऱ्याशी!

यवतमाळच्या कॉलेजात तो प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, मी तिथल्याच शाळेत ड्रॉइंग मास्तर; भाड्याच्या खोल्या शेजारी-शेजारी. लाकूड पोखरणाऱ्या, लांब मिशांच्या भुंग्यांच्या एका वंशाने त्याला पार झपाटलं होतं. अंगठ्यापेक्षाही मोठा राखाडी प्राणी, अंगावर ठिपके, मिशा अंगाहून लांब. ठिपके जिवंतपणी लालसर असतात, मेल्यावर फिके पडतात. नराच्या मिशा मादीपेक्षा लांब. "पुस्तकवाल्याईनं मेलेले पाहून नावं देल्ली, मास्तर," तो चिडून सांगे, "एकाच घरातल्या नवरा-बायकोले दोन येगळे प्रकार करून ठेवले!" हा घोळ निस्तरायचा तर जिवंत भुंग्याचे खरे रंग कागदावर हवेत, म्हणून त्याने मला धरलं. तो पेल्याखालून भुंगा काढी आणि माझा कुंचला हातातून सुटे. "चावत नाई रे, मास्तर!" "ते त्याला सांग, मला नको!"

आपण सगळे सहज म्हणतो, भुंग्याची ही जात, ती जात. शास्त्राच्या मराठी पुस्तकातही तोच शब्द. सुदाम मात्र 'प्रकार' म्हणे. मी एकदा विचारलं, काहून रे? "तो शब्द आमच्या घरी लय वापरून झाला," म्हणाला आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

त्याची माय बाभुळगावकडच्या एका लहान गावात एकटी राहायची. छप्पन सालानंतर तिच्या वस्तीने दीक्षा घेतली, जुने देव सोडले. त्याआधी पाटलांच्या वावरातल्या आंब्याखाली मरीमायपुढे दिवा लावायचं काम मायकडे होतं. तेही थांबलं. पुढे दोन-तीन वर्षांत तो आंबा वरून वाळायला लागला, एकेक फांदी करत. खोडाला कान लावला की आतून करकर ऐकू येई... झालं! मरीमाय कोपली, आत बसून दात खाते, असं गावभर झालं. शेवटी मायला निरोप गेला, दिवा लाव, नाहीतर घर सोड. दिवा ती लावणार नव्हती. त्या घराशिवाय तिला दुसरी जागाही नव्हती.

सुदाम मला म्हणाला, "चाल. तू संग असला तं मारायच्या आधी लोक थोडा इचार करतीन." आता ह्याला काय म्हणावं? तरी गेलो.

आंब्याखाली सारं गाव जमलेलं. काहींच्या हातात कुऱ्हाडी होत्या, आणि त्या झाडासाठी आणलेल्या दिसत नव्हत्या. माय एका बाजूला, पदर तोंडाशी धरून. सुदामने बुडाशी पडलेला भुसा चिमटीत घेतला, खोडाला कान लावला.  "पाटील, इथं तोडू द्या. आत किडा निंघन."

"न निंघला तं?"

सुदामने शेजारच्याची कुऱ्हाड मागून घेतली. अहो, मला पळून जावंसं वाटत होतं, पण पळायची वाटही गावातूनच होती!

पहिल्या घावाने बीळ उघडं पडलं. आत नुसता भुसा. लोक पुढे सरकले. सुदामने जरा खाली घाव घातला, मग आणखी एक... आणि लाकडातल्या पोकळीत तो बसलेला दिसला, अख्खा, मिशा पाठीवर टाकून. सुदामने उचलताच तो ओरडला. चर्र, चर्र! "मरीमाय बोलली!" एक बाई किंचाळली, कोणाची तरी कुऱ्हाड वर गेली आणि मी डोळे मिटले.

"मान घासते तो, म्हून वाजते," सुदामचा आवाज आला. फाटलेला आवाज. "हे पाहा." त्याने मान दाबली, आवाज बंद. सोडली, पुन्हा चर्र. मग माय पुढे आली आणि तिने हात पसरला. भुंगा तिच्या तळव्यावर बसला. त्याने मिशा तिच्या मनगटावर फिरवल्या, पण तिने तो टाकला नाही.

पाटील वाकून पाहत राहिले. "जात कोणती म्हनाची याची?"

 पाटलांच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण शब्द तोंडून गेला होता. सुदामने मान वर केली. "जात नाई याले, पाटील. आंब्यात राह्यते, उंबरात राह्यते, सावरीत राह्यते. झाड कोनाचं हाय ते इचारत नाई."

पाटील रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "बाकीच्या आंब्याईचं काय करू?" एवढंच विचारलं. भोकात रॉकेलचा बोळा घाला, वरून माती लिंपा, सुदामने सांगितलं. मायचं घर राहिलं. परतीच्या मोटारीत मात्र त्याने माझा दंड घट्ट धरला. "पयलं बीळ रिकामं निंघालं तवा वाटलं, माय गेली," म्हणाला.

परवा मायला भेटायला गेलो. घरात नव्हती. वेशीजवळच्या उंबराखाली उकिडवी बसून बुडाची माती बोटांनी चाळत होती, अगदी सुदाम बसायचा तशी. मी शेजारी बसलो. 

"उंबर वाळून राह्यला, मास्तर," ती हळूच म्हणाली. "लोक पुन्हा माह्या तोंडाकडं पायतेत."

"भुसा पडला का, माय?"

"तोच तं पायते रोज सकाळी..." तिने रिकामी मूठ माझ्यापुढे उघडली. "नाई पडत. आत किडा नाई, तं लोकाईले दाखवू काय? आता कोनाले बलावू?"