टिल्ली रांगायला लागली तेव्हा

ऑपरेटरबाईंना दिसत नव्हतं. शाळेत असताना आजारपणात नजर गेली, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी कानांच्या आणि बोटांच्या भरवशावर उभं केलं. एका इस्पितळात त्या टेलिफोन जोडून द्यायचं काम करत. नवरा बेकरीत भट्टीवर होता. त्याला दिसत होतं, पण विसराळू इतका, की घरात हरवलेली वस्तू शोधून द्यायची पाळी बाईंवरच यायची.

मुलगी झाली. घरात तिला सगळे टिल्ली म्हणत. पहिले काही महिने निवांत गेले, कारण बाळ ठेवलं तिथंच सापडायचं. मग एका सकाळी बाईंनी दुपट्यावर हात फिरवला तर दुपटं रिकामं. टिल्ली पलंगाखाली पोचली होती आणि कुणाची तरी चप्पल चोखत होती.

त्या दिवसापासून बाईंच्या जिवाला चैन नव्हतं. त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि रांगत रांगत अख्खं घर हातांनी चाचपत निघाल्या. टेबलाखाली सुटलेला खिळा लागला, इस्त्रीची लोंबती वायर लागली, सतरंजीच्या कडेला टाचणी टोचली.

"मी रोज झाडतो की!" नवरा ओशाळून म्हणाला.

"उभ्यानं झाडतोस. ती उभ्यानं फिरत नाही."

टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या टॉवेलच्या पट्ट्या बांधल्या. फिनेल, औषधं माळ्यावर गेली. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, उंचावर कडी बसवली आणि आतली बादली कायम पालथी ठेवायची असं ठरलं. टिल्लीच्या मोज्यांना बाईंनी बारीक घुंगरं शिवली, अगदी घट्ट, दहादा ओढून बघून. पोरीच्या तोंडात काही गेलं नाही ना, हे त्या इतक्या वेळा बोट घालून बघत, की आई जवळ आली की टिल्ली आपणहून 'आ' करायची.

कुणी काळजीनं विचारलं तर बाई हसून म्हणायच्या, "डोळ्यांत तेल घालून बसलेय. नाहीतरी त्यांचा दुसरा उपयोग काय?" पण घुंगरं क्षणभर थांबली तरी त्या हातातलं काम टाकून उठायच्या.

अशात नवऱ्याची थोरली बहीण आठवडाभर राहायला आली. ताई मायाळू होत्या, पण मनातलं पोटात ठेवणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "राग मानू नकोस. हिला दोनेक वर्षं माझ्याकडे राहू दे. चालती-बोलती झाली की घेऊन जा. एखाद्या वेळी काही झालं तर जन्माचा घोर लागेल."

बाईंना राग आला असता तर बरं झालं असतं. पण ताई बोलल्या ते त्यांच्याच मनातलं होतं.

दोन दिवसांनी, सकाळचं आटोपून बाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. नवरा कामावर गेला होता. बाहेरच्या खोलीत घुंगरं वाजत होती आणि ताईंचा आवाजही तिकडूनच येत होता, म्हणून बाई निर्धास्त होत्या. मग घुंगरं थांबली.

"ताई, टिल्ली तुमच्याजवळ आहे ना?"

गॅलरीतून आवाज आला, "नाही गं! तुझ्याकडे आली ना ती?"

बाई धडपडत उठल्या. बाहेरच्या खोलीत पायाखाली काहीतरी मऊ आलं. एक मोजा. थोड्या अंतरावर दुसरा. पोरीनं दोन्ही ओढून काढले होते. ताई धावत आल्या, "टिल्ली, टिल्ली" करून हाका मारायला लागल्या.

"थांबा! बोलू नका. हलूसुद्धा नका!"

बाई कान देऊन उभ्या राहिल्या. पंख्याची घरघर. खाली कुणाची तरी मोटारसायकल. आणि मग पाण्यावर हात आपटल्याचा आवाज, एकदाच, आणि त्यामागून बुडबुड.

घरात कधीही न धावणाऱ्या बाई धावल्या. न्हाणीघराची चौकट कपाळावर आदळली. दार सताड उघडं होतं. पाण्यात हात घातला तर बोटांना केस लागले. त्यांनी पोरीला ओढून काढलं, हातावर पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या. काही नाही. पुन्हा मारल्या. मग खोकला आला, पाणी आलं, आणि टिल्लीनं टाहो फोडला.

ताईंनी कपडे भिजवायला बादली भरली होती आणि साबण आणायला म्हणून त्या दार उघडंच टाकून गॅलरीत गेल्या होत्या. बादली धरून उभी राहताना पोर आत वाकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत टिल्लीला नजरेखाली ठेवलं आणि छाती साफ आहे असं सांगितलं. नवरा बेकरीतून पिठाच्या हातांनीच आला आणि बहिणीवर तुटून पडला. बाईंनी त्याला अडवलं. "त्यांना बोलू नकोस. कडी मीही तपासली नव्हती."

ताई बाकावर बसून रडत होत्या. "मला दिसतं गं. धडधडीत दिसतं. तरी..."

घरी आल्यावर बाईच म्हणाल्या, "ताई, घेऊन जा हिला. माझ्यात आता हिंमत नाही."

ताई म्हणाल्या, "माझ्यात तरी कुठे आहे? मीच राहते इथे थोडे दिवस."

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून घरभर रांगल्या. ताईंचे गुडघे कुरकुरत होते. ताईंनी दिसलं ते बाईंना सांगितलं, बाईंनी हाताला लागलं ते ताईंना. आणि बाईंनी आपल्या कामातला एक नियम घरात आणला: पलीकडून आवाज आल्याशिवाय फोन सोडायचा नाही. तसंच पोरीचं. "टिल्ली तुझ्याकडे" असं म्हणायचं आणि "आली माझ्याकडे" ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. नवरासुद्धा हे कधी विसरला नाही.

टिल्ली चालायला लागल्यावर ताई आपल्या घरी गेल्या. बाई पुन्हा इस्पितळात कामावर रुजू झाल्या आणि मुलीला शेजारच्या गल्लीतल्या पाळणाघरात ठेवू लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी तिथं इतके फोन केले, की शेवटी पाळणाघरवाल्या बाई कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "अहो, ती झोपलीय. आता तुमच्या फोननंच उठेल."

"श्वास ऐकवता का जरा?" बाई म्हणाल्या.

पाळणाघरवाल्या बाईंनी हसत हसत फोन पोरीच्या नाकाशी धरला. इकडे इस्पितळातल्या टेलिफोनच्या बोर्डावर दुसरे फोन खणखणत होते. ऑपरेटरबाईंनी ते थोडा वेळ वाजू दिले.