वाळूच्या ढिगावरचा जबाब

"सायेब, माझा पोरगा मेला का न्हाई, येवढंच सांगा. मेला आसंल तर मेला म्हना. पर खाली सही करून म्हना!"

ही आरोळी ठाण्याच्या दारातून आली आणि आमच्या ठाणे अंमलदाराचा चहा बशीतून थेट स्टेशन डायरीवर गेला. ओरडणारे गृहस्थ पलूसकडचे, ऊस पिकवणारे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. आवाज असा, की लॉकअपमधले दोन पाकीटमार आपोआप सावधानमध्ये उभे राहिले. नोकरीत मी गुन्हेगार, पुढारी आणि माझे वरिष्ठ अशी तिन्ही जातींची ओरडणारी माणसं ऐकली, पण त्या आवाजाला तोड नव्हती. निवृत्त होऊन इतका काळ गेला, तरी ते प्रकरण डोक्यातून उतरलेलं नाही, आणि आठवायला लागलं की त्या आरोळीपासूनच सुरू होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गळीत हंगाम नुकताच लागला होता. सुभेदारांना बसवलं, पाणी दिलं, तेव्हा हकीकत कळली. त्यांचा मुलगा आणि मलकापुरातला एक शाळामास्तर हे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांना डोंगराचं वेड. आपल्याकडचे कडे-सुळके चढून संपले, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणखी दोघांना घेऊन ही मंडळी हिमालयात गेली. दोघे खालच्या तंबूत थांबले, हे दोन मित्र शिखराकडे निघाले. परत आला एकटा मास्तर. त्याच्या दोन्ही हातांची बोटं बर्फानं खाल्ली होती, मुळापासून कापावी लागली.

मास्तरानं सांगितलं ते असं. मित्र घसरून पडला, पाय मोडला, डोक्याला मार लागला, मांडीवर डोकं घेतलं, तोंडात पाणी घातलं आणि त्यानं जीव सोडला. प्रेत तिथंच राहिलं. तिकडच्या पोलिसांनी सोबत्यांचे जबाब घेऊन मृत्यू नोंदवला. इकडे मुलाच्या आईनं "तोंडात पाणी घातलं" एवढ्या शब्दांवर दिवस काढले. आता दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे असं घरात ठरलं. पण सून आडवी आली. म्हणाली, खरं कळल्याशिवाय मी कुंकू पुसणार नाही.

ती सून सासऱ्यांच्या मागंच उभी होती. मी विचारलं, "बाई, मास्तर खोटं बोलतो असं कशावरून म्हणता?"

"आवं सायेब, त्यांनी सगळं सासूबाईंकडं, आमच्या आत्यांकडं बघून सांगितलं. माझ्याकडं एकदा बी बघितलं न्हाई."

आम्हाला तपासाचे धडे द्यायला नाशिकला मोठी शाळा होती. या बाईला तिथं शिकवायला नेमलं असतं, तर जिल्ह्यात एक चोर शिल्लक राहिला नसता.

घटना घडली हिमालयात, माझं ठाणं कृष्णाकाठी. हवालदार कानात पुटपुटले, "सायेब, हद्दीचं काय?" मी ठणकावून सांगितलं, अर्जाच्या चौकशीला हद्द लागत नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात आहे ते मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. अर्ज घेतला आणि त्याच दिवशी ठरवलं, या बाईला उत्तर मिळाल्याशिवाय फाईल बंद होणार नाही.

खबर आली ती मलकापुरातल्या एका न्हाव्याकडून. पोलिसांचे बिनपगारी जासूद दोनच, चहावाले आणि न्हावी. त्यातही न्हावी श्रेष्ठ, कारण गळ्यावर वस्तरा असताना माणूस फार खोटं बोलत नाही. हा न्हावी म्हणाला, "मास्तराच्या तोंडावर फवारा मारला की गडी दचकतोय बघा. डोळं मिटून म्हनतोय, 'थांब रं, आलोच मी.' म्या म्हनलं, मास्तर, म्या कुटं चाललोय? दुकान माझंच हाय."

मेलेल्या माणसाला 'थांब, आलोच' असं कुणी सांगत नाही.

मास्तराला बोलावलं. सरळ माणूस, शुद्ध बोलणारा, हात शालीत लपवलेले. त्यानं सगळं सांगितलं. पडला कुठं, मार कसा लागला, आदल्या दिवशी बर्फ वितळवायच्या स्टोव्हचं इंधन संपल्यानं कसे हाल झाले. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दुपारपर्यंत विचारत राहिलो, काना-मात्रेचा फरक नाही. इथंच मला खटकलं. खरं सांगणारा माणूस अडखळतो, मागं जातो, "नाही, आधी ते झालं" म्हणतो. पाठ केलेलंच तेवढं न अडखळता येतं.

पण उलटतपासणी करायची कशी? बर्फ म्हटला की मला रसवंतीवरचा ठाऊक. मी चढलेला सर्वांत उंच डोंगर सज्जनगड, तोही जीपमधून. मग डोक्यात आलं, हिमालय ठाण्यातच आणू. आवारात जप्त केलेल्या वाळूचा ढीग पडला होता. केवढा म्हणाल, तर त्याच्या टोकावरून कर्नाटक दिसायचं. मास्तराला म्हटलं, "चल, घटनास्थळ दाखव. तोंडानं नको, करून दाखव." जखमी म्हणून ढिगावर हवालदारांना आडवं केलं. त्यांचं वजन असं, की ते जीपमध्ये मागं बसले तर पुढची चाकं विचार करायची.

मास्तरानं शाल काढली. "इथं पडला. पाय मोडला. इथून ओढायला लागलो." बोटं नसल्यानं त्यानं दोन्ही मनगटं हवालदारांच्या बगलेत अडकवली आणि ओढलं. पायाखालची वाळू सरकायची आणि मास्तरच खाली यायचा. हवालदार तिथल्या तिथं.

"मास्तर, जरा दमानं. शर्ट सरकारी हाय," हवालदार खालून म्हणाले. बराकीच्या व्हरांड्यात उभी असलेली मंडळी हसली.

मास्तर हसला नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरला, पुन्हा उठला. मी पुरे म्हणालो तरी थांबेना. हळूहळू व्हरांडा गप्प झाला. शेवटी तो धापा टाकत बसला आणि हवालदारांचं डोकं मांडीवर घेतलं.

"आता पाणी पाज," मी म्हणालो.

हवालदारांनी इमानेइतबारे तोंड उघडलं. मास्तराचा हात कमरेकडं गेला. तिथं काही नव्हतं. हात तसाच राहिला. हवालदार तोंड उघडून वाट बघत होते.

"पानी न्हवतं, सायेब." शाळेतली भाषा गळून पडली होती. "स्टोव्ह आदल्या दिशीच इझला हुता. बाटलीत नुसता दगुड झालेला."

"मग त्याच्या आईला तसं का सांगितलंस?"

"मी उंबऱ्यातच हुतो. आई म्हनली, तोंडात पानी तरी घातलंस का रं? काय सांगनार हुतो?"

"आणि तो गेला कधी?"

"ठावं न्हाई. मी निगालो तवा बोलत हुता."

मग सगळं आलं, आणि या वेळी दहा ठिकाणी अडखळत आलं. उजेड उतरत होता, वारा सुटला होता, हातांना स्पर्श कळेना झाला होता. तिथं थांबलं तर दोघंही जाणार. "त्यो म्हनला, जा. मग म्हनला, जाऊ नगंस. मग पुन्ना म्हनला, जा. त्यातलं कुटलं खरं धरायचं, सायेब? मी म्हनलं, थांब रं, आलोच मी."

सरपटत तो खालच्या तंबूत पोचला, तोवर वादळ उठलं होतं. ते दोघे सोबती लगेच बूट बांधायला लागले, वर जायला. मास्तराला ठाऊक होतं, त्या वादळात गेलेला परत येत नाही.

"मी म्हनलं, मेला. त्यांनी बूट सोडलं. तितं येकदा म्हनलो, मग खाली येऊन दुसरं काय म्हनायचं?"

हवालदार सगळा वेळ त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडून होते. मी खुणेनं उठवलं तेव्हा ते कानातली वाळूही न झटकता उठले.

मी मास्तराला म्हणालो, "हे मला सांगून भागत नाही. आता तिच्याकडं बघून सांग."

दुसऱ्या दिवशी सुभेदार आणि सून आले. माझ्या खोलीत मास्तरानं तिच्याकडं बघत सगळं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, "नंतर कुनी वर गेलं?"

"वादळ थांबल्यावर दुर्बिणीतून बघितलं, वैनी. तिथला बर्फ समदा घसरला हुता. ती जागाच न्हवती."

"बोलत काय हुते?"

"डोस्कं भरकटलं हुतं त्याचं. उसाला पान्याची पाळी कुनाची हाय, तेच इचारत हुता."

"आमचीच हुती," ती म्हणाली.

मग सुभेदारांनी, ज्यांच्या आवाजानं ठाणं हादरलं होतं त्यांनी, अगदी हलक्या आवाजात मास्तराला विचारलं, "ते बूट बांधनारे दोघं. आया हायत त्यास्नी?"

"हायत."

सुभेदारांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "सायेब, ह्यात खटला न्हाई." तो शेरा कायद्याच्या भाषेत लिहायला मला दोन कागद लागले.

सगळी नोकरी मी एक गोष्ट धरून चाललो होतो, की माणूस खोटं बोलतो ते स्वतःची कातडी वाचवायला. मास्तराचीही कातडी त्यात वाचली, नाही असं नाही. पण त्याच खोट्यानं दोन माणसं तंबूत जिवंत राहिली, आणि एक माणूस वर वाट बघत राहिला. तिथं मी असतो तर काय केलं असतं? मित्रमंडळीत मी छातीवर हात मारून सांगतो, मी त्याला खांद्यावर टाकून पळत खाली आणला असता. ऐकणारे माना डोलावतात. ज्यांनी मला वाळूच्या ढिगावर चढताना पाहिलंय, ते डोलावत नाहीत. त्यानंतर कुठल्याही जबाबात मी 'खोटं का बोललास' एवढ्यावर थांबलो नाही, 'पहिल्यांदा कुणाला आणि कुठं बोललास' हेही विचारायला लागलो. निम्मा गुन्हा तिथंच उलगडतो, आणि कधी कधी कळतं की गुन्हा नाहीच.

पुतळ्याला अग्नी दिला, दिवस घातले. अर्ज निकाली काढण्याआधी अर्जदारांचे जबाब लागतात, म्हणून मी पलूसकडं गेलो. सून बाहेर आली. कपाळ मोकळं होतं. आत माजघरात सासू कुणाला तरी सांगत होती, "तोंडात पानी तरी घातलं त्यानं." मी जबाब वाचून दाखवला, तिनं सही केली. मी नेहमीचं विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"मला कळलं, बास," ती म्हणाली. "आत्यास्नी सांगू नगा."